ही-मॅन दरखेपेला तसाच का पळतो?

ही-मॅन या अमेरिकन कार्टून नायकावर नवा सिनेमा येणार अशी चर्चा सुरू झाली आणि बेळगावच्या वडगावात माझ्या बहिणीच्या घरी जुन्या मालिकेचे भाग मोबाइलवर लागू लागले. बहीण आणि मी लहानपणी दूरदर्शनवर ही मालिका बघत होतो. टीव्ही शेजाऱ्यांचा, अँटेना त्यांच्या गच्चीवर, इंग्रजीतले एक अक्षर कळत नसे. पण तलवार वर गेली की पुढे काय होणार, हे सगळ्या गल्लीला पाठ होते. आता नववीतली भाची बघत बसली होती. तिसऱ्या भागाला तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"मामा, ह्यो दरखेपेला तसाच का पळायलाय? हात बघ की. मगाशी पण असाच पळाला."

तिचे बघणे अगदी बरोबर आहे. तो तसाच पळतो, कारण ती तीच चित्रे आहेत. एकदा काढलेली, जपून ठेवलेली आणि पुन्हा पुन्हा वापरलेली. ती काढणाऱ्या स्टुडिओचे नाव फिल्मेशन. १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये तो सुरू झाला आणि १९८९ साली एका शुक्रवारी बंद पडला. मी उद्यमबागेत फौंड्रीसाठी, म्हणजे लोखंडाच्या ओतकामासाठी, पॅटर्न करतो. एकच नमुना करून त्यावरून हजार नग काढणे हाच आमचा धंदा, म्हणून या स्टुडिओची गोष्ट मला परकी वाटत नाही. भाचीला तोंडी सांगितली तेव्हा अर्धी राहिली. इथे सविस्तर सांगतो.

चित्र हलते म्हणजे काय होते

सिनेमाच्या पट्टीवर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. डोळ्याला ती सुटी दिसत नाहीत, हालचाल दिसते. कार्टूनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोनदा टिपतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. जाहिराती वगळल्या तर अर्ध्या तासाच्या भागात साधारण २२ मिनिटे गोष्ट असते. २२ मिनिटे म्हणजे १,३२० सेकंद. सेकंदाला १२ चित्रे धरली तर १५,८४० चित्रे. हे एका भागाचे झाले, आणि त्यात एकाच वेळी पडद्यावर दोन-तीन पात्रे असतील तर प्रत्येकाचे चित्र वेगळे काढावे लागते.

त्या काळी या कामाला संगणक नव्हता. कलाकार कागदावर पेन्सिलीने चित्र काढायचा. दुसरा कामगार ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पानावर उतरवून मागच्या बाजूने रंग भरायचा. या पानाला सेल म्हणतात. मागे रंगवलेले दृश्य, त्यावर सेल, वरून कॅमेरा. एक फोटो, मग सेल बदलायचा, पुन्हा फोटो.

एवढी चित्रे दर आठवड्याला काढायला ना पैसा असे, ना वेळ. म्हणून टीव्हीवाल्यांनी एक तोड काढली. बोलताना फक्त तोंड हलवायचे, बाकीचे शरीर एकाच सेलवर स्थिर ठेवायचे. याला मर्यादित अ‍ॅनिमेशन म्हणतात. आपल्याकडचा गणपतीतला हलता देखावा आठवा. अफझलखान वधाच्या देखाव्यात महाराजांचा एक हात मोटरवर खालीवर होतो, खानाची मान कलते, बाकी सगळे पुतळे जागच्या जागी उभे असतात. तरी निवेदन आणि संगीत सुरू झाले की गर्दीतले पोर डोळे विस्फारून बघते. थोड्या हालचालीत गोष्ट उभी करायची ही कला आपल्या मंडळांना चांगली ठाऊक आहे.

स्वतंत्र स्टुडिओ म्हणजे नेमके काय

उद्यमबागेत किंवा मच्छेला फिरलात तर शेडमागून शेड दिसतील. एकीत पंपाची कवचे ओततात, दुसरीत गाड्यांचे भाग. नगावर नाव मात्र दुसऱ्याचे असते. ड्रॉइंग मोठ्या कंपनीचे, दर तिने ठरवलेला, तारीख तिने दिलेली. आपले काय, तर हात, यंत्रे आणि माणसे. याला आम्ही जॉबवर्क म्हणतो.

अमेरिकेतल्या टीव्ही कार्टूनची घडण अशीच होती. पात्र एका मालकाचे, उदाहरणार्थ सुपरमॅन कॉमिक्सच्या प्रकाशकाचा. प्रसारण दुसऱ्याचे, सीबीएस, एनबीसी, एबीसी अशा तीन मोठ्या वाहिन्या होत्या. मधे चित्रे काढून देणारा स्टुडिओ. जो कुठल्या वाहिनीचा किंवा सिनेमा कंपनीचा विभाग नाही, स्वतः ऑर्डर शोधतो आणि स्वतः पगार भागवतो, तो स्वतंत्र. फिल्मेशन या अर्थाने स्वतंत्र होता. भांडवल मात्र त्याचे स्वतःचे फार काळ राहिले नाही. १९६९ साली तो टेलिप्रॉम्प्टर या केबल कंपनीच्या ताब्यात गेला आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कंपनीबरोबर वेस्टिंगहाऊस या विजेच्या यंत्रांच्या मोठ्या उद्योगाकडे. काम कसे करायचे हे जुने लोकच ठरवत. दुकानाची चावी मात्र दुसऱ्याच्या खिशात होती. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

रिकाम्या टेबलांवर बसलेली माणसे

लू शायमर पिट्सबर्गचे, चित्रकला शिकलेले. हॅल सदरलँड डिस्नेत काम करून आलेले. दोघांची ओळख दुसऱ्या एका कार्टून स्टुडिओत झाली, तिथले काम आटल्यावर दोघांनी आपले दुकान थाटले. काम फिल्मवर, धंदा अ‍ॅनिमेशनचा, म्हणून नाव फिल्मेशन. नॉर्म प्रेस्कॉट हे बोस्टनच्या रेडिओवरचे निवेदक त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या डोक्यात ओझ या जादूच्या देशाच्या गोष्टीवर पूर्ण लांबीचा चित्रपट होता. तो सुरू झाला, पैसे संपले आणि तयार होऊन लोकांपुढे यायला त्याला १९७०चे दशक उजाडले.

मधली वर्षे जाहिराती आणि किरकोळ कामांवर निघाली. १९६५च्या सुमाराला तर शटर ओढायची वेळ आली होती. तेवढ्यात सुपरमॅनच्या मालिकेचे काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली. प्रकाशकाकडचा माणूस स्टुडिओ बघायला येणार होता आणि स्टुडिओत टेबले होती, माणसे नव्हती. शायमर यांनी ओळखीच्या लोकांना गोळा करून टेबलांवर बसवले. पाहुण्याला गजबजलेला स्टुडिओ दिसला. काम मिळाले. १० सप्टेंबर १९६६ रोजी सीबीएसवर सुपरमॅनची मालिका सुरू झाली.

ही गोष्ट ऐकून काहींना ती फसवणूक वाटेल. मला त्यात पहिल्या ऑर्डरसाठी धडपडणारा कारखानदार दिसतो. ऑर्डर असल्याशिवाय माणसे ठेवता येत नाहीत आणि माणसे दिसल्याशिवाय ऑर्डर मिळत नाही, ही कोंडी ज्याने शेड भाड्याने घेऊन पहिले यंत्र बसवले आहे त्याला विचारा. फरक पडतो तो पुढे काम वेळेवर दिले की नाही याने. फिल्मेशनने दिले.

त्यानंतर मालिका एकामागून एक आल्या. १९६८ साली आर्ची. त्या कार्टूनमधल्या बँडच्या नावाने निघालेले 'शुगर, शुगर' हे गाणे १९६९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. गाणारा बँड प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हता, आवाज स्टुडिओतल्या गायकांचे होते. १९७२ मध्ये फॅट अल्बर्ट आली, फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या गल्लीतली गोष्ट. तोवर शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये अशी मुले नायक म्हणून जवळपास दिसतच नव्हती.

१९७३ च्या स्टार ट्रेकवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण पैशाची ओढाताण तिथे स्पष्ट दिसते. अंतराळयानावरची ही मूळ मालिका खऱ्या नटांची होती आणि ती बंद पडली होती. फिल्मेशनने तिचे कार्टून करायला घेतले आणि खर्च आवरण्यासाठी तिच्यातल्या निशेल निकोल्स आणि जॉर्ज टाकेई यांना वगळून मोजक्याच जुन्या नटांकडून आवाज करून घ्यायचे ठरवले. मूळ मालिकेतले एक प्रमुख नट लिओनार्ड निमॉय यांनी सांगितले, ते दोघे नसतील तर मीही नाही. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर एक कृष्णवर्णीय स्त्री आणि एक जपानी वंशाचा पुरुष अंतराळयान चालवताना दिसणे ही छोटी गोष्ट नव्हती, हे निमॉय जाणून होते. दोघांना घेतले गेले. मग काटकसर दुसरीकडे झाली: जेम्स डूहान यांनी आपल्या पात्राशिवाय इतर डझनावारी पात्रांचे आवाज एकट्याने काढले. २२ भाग झाले आणि १९७५ साली मालिकेला मुलांच्या कार्यक्रमांसाठीचा एमी पुरस्कार मिळाला.

एक पॅटर्न, हजार कास्टिंग

आता भाचीच्या प्रश्नाकडे. फौंड्रीत लोखंडाचा नग ओतायचा तर आधी लाकडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा नमुना करतात. तो पॅटर्न. वाळूत तो दाबून काढला की त्याच्या आकाराची पोकळी राहते आणि तिच्यात वितळलेले लोखंड ओततात. साचा दरवेळी मोडतो, पॅटर्न राहतो. पॅटर्न करायला आठवडा गेला तरी चालतो, कारण पुढची पाच वर्षे त्याच्यावर नग निघतात. म्हणून मिलिमीटरचीही हयगय चालत नाही. पॅटर्नमध्ये राहिलेली चूक प्रत्येक नगात उतरते.

फिल्मेशनने हालचालींचे पॅटर्न केले. ही-मॅन पळतो, वळतो, उडी मारतो, दगड उचलतो, शत्रूला डोक्यावर घेऊन फेकतो. ही प्रत्येक हालचाल एकदा नीट काढायची, रंगवायची आणि त्या सेलचा गठ्ठा क्रमांक घालून कपाटात ठेवायचा. पुढच्या भागात पळायचे दृश्य आले की गठ्ठा काढायचा, मागचे दृश्य बदलायचे, पुन्हा कॅमेऱ्याखाली ठेवायचा. जंगलातला ही-मॅन वाळवंटात पळू लागतो. याला ते लोक स्टॉक म्हणत.

काही स्टॉक खऱ्या माणसाची फिल्म घेऊन तिच्यावरून चित्रे उतरवून केलेला असे. १९७६ च्या टारझनमध्ये हे तंत्र पुष्कळ दिसते. म्हणून फिल्मेशनची माणसे बोलताना ताठ उभी असली तरी पळताना एकाएकी जिवंत वाटतात. पुढच्या वेळी मुद्दाम बघा: बोलण्यात काटकसर, पळण्यात खरा माणूस. कष्ट कुठे ओतायचे हे विचार करून ठरवलेले आहे.

तलवार वर नेऊन राजपुत्र ॲडमचा ही-मॅन होतो ते दृश्य तर सगळ्यात मोठा स्टॉक. जवळपास प्रत्येक भागात ते येते. त्यातली वीज, चकाकी, रंग यांच्यावर भरपूर मेहनत घेतलेली दिसते, कारण ते एकदाच करायचे होते.

हे चालू असताना दाजी मागावरून घरी आले. त्यांचे वडगावात चार माग आहेत. ऐकून म्हणाले, "मग ही लबाडीच की. एकच काम दहादा विकायचं." मी त्यांना त्यांचीच साडी दाखवली. काठातला मोर पहिल्या वितीला जसा आहे तसाच शेवटच्या वितीला आहे. जकार्डचे पत्ते एकदा पाडले, मोर पुन्हा पुन्हा उठत राहतो. गिऱ्हाईक त्याला लबाडी म्हणत नाही. पदर वेगळा विणला की साडी नवी. दाजींनी थोडा विचार करून एक गोष्ट सांगितली आणि ती मला सुचली नव्हती: "पण मोर पुन्हा येतो तो बघायला बरा वाटतो म्हणून. ह्यो पळणारा पुन्हा येतो तो परवडत नाही म्हणून." बरोबर आहे. दोन्हींत हा फरक आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. त्यात मी एवढेच घालीन, की लहान मुलांना पुनरावृत्ती आवडते. तलवार वर जाण्याची आम्ही वाट बघत होतो. परवडत नाही म्हणून केलेली गोष्ट आमच्यासाठी सण झाली होती.

काम गावातच ठेवायचे

फिल्मेशनला स्टॉकची एवढी गरज का पडली, याचे खरे उत्तर या भागात आहे.

१९७०च्या दशकात अमेरिकेतले इतर स्टुडिओ चित्रे काढण्याचे मजुरीचे काम बाहेर पाठवू लागले. गोष्ट आणि पात्रांचे नमुने लॉस एंजेलिसमध्ये करायचे. हजारो चित्रे काढणे आणि रंगवणे जपान, तैवान, कोरिया, ऑस्ट्रेलियात. निपाणीची माणसे ही रचना लगेच ओळखतील. तंबाखू आणि पान व्यापाऱ्याकडून येते, विड्या बाया घरोघरी वळतात, हजारावर मजुरी मिळते आणि छाप व्यापाऱ्याचा लागतो. जिथे मजुरी कमी तिकडे काम सरकते.

लॉस एंजेलिसच्या कलाकारांच्या संघटनेने १९७९ आणि १९८२ मध्ये या प्रश्नावर संप केले. फिल्मेशनने काम शहरातच ठेवले. एक ठळक अपवाद म्हणजे १९८१ ची झोरो, तिची चित्रे जपानमध्ये झाली. बाकी जवळपास सगळे सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या त्यांच्या इमारतीत. शायमर यांनी ही आपली भूमिका म्हणून उघड सांगितली होती.

याचा अर्थ पैशात बघा. बाहेर पाठवणाऱ्याला एका चित्राची मजुरी कमी, म्हणून त्याला चित्रे जास्त काढता येतात आणि हालचाल लवचीक दिसते. शहरात पूर्ण पगार देणाऱ्याला त्याच पैशात चित्रे कमी मिळतात. मग एकच चित्र दहादा वापरावे लागते. इंटरनेटवर ज्या तोचतोचपणाची थट्टा होते, त्याच्या मागे शेकडो घरांतले पगार होते. मी थट्टा करणाऱ्यांवर रागावत नाही, पण हे त्यांना माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

दुसरी अडचण हंगामाची. वाहिन्या शनिवार सकाळसाठी वर्षाला तेरा-सोळा भागांची ऑर्डर देत. ती वसंतात यायची, शरदात माल द्यायचा. मधले काही महिने जिवापाड काम, मग कपात. संकेश्वर-चिकोडीकडे साखर कारखान्याच्या गळीत हंगामावर जगणारी माणसे आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. धुराडे थांबले की हंगामी कामगार घरी. कार्टून काढणारे कसबी चित्रकार वर्षानुवर्षे असेच जगत होते.

६५ चा हिशेब

ही-मॅनने हा हंगाम मोडला. कसा, ते बघू.

१९८३ पर्यंत स्टुडिओची गिऱ्हाइके म्हणजे तीन वाहिन्या. ही-मॅन मालिका त्यांना न विकता गावोगावच्या स्थानिक टीव्ही केंद्रांना थेट दिली गेली. या पद्धतीला सिंडिकेशन म्हणतात. केंद्राला कार्यक्रम मिळे आणि बदल्यात त्यातली काही जाहिरातींची वेळ पुरवणारा स्वतःकडे ठेवी. आपल्याकडे मंडळाला एखादा दुकानदार कमान उभारून देतो आणि कमानीवर आपल्या दुकानाचा फलक लावतो. मंडळाची वर्गणी वाचते, दुकानदाराची जाहिरात होते. तोच व्यवहार.

पण स्थानिक केंद्राला आठवड्यातून एक भाग नको होता. शाळा सुटल्यावर सोमवार ते शुक्रवार रोज एक हवा होता. पाच दिवस, तेरा आठवडे: ६५ भाग. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा पाव हिस्सा. ६५ भाग संपले की पुन्हा पहिल्यापासून, आणि वर्ष भरते. वाहिनीला वर्षाला तेरा-सोळा भाग देणाऱ्या स्टुडिओला आता ६५ द्यायचे होते. दर भाग २२ मिनिटे धरली तर जवळपास २४ तासांचे कार्टून. वर काढलेल्या हिशेबाने दहा लाखांहून जास्त चित्रे. कपाटातला स्टॉक नसता तर ही ऑर्डर घेणे अशक्य होते. फिल्मेशनने ती घेतली, पूर्ण केली आणि पुढच्या फेरीत आणखी ६५ भाग केले. १९८५ मध्ये ही-मॅनच्या बहिणीची मालिका शी-रा आली, ९३ भागांची. चित्रकारांना बारमाही काम मिळाले. पुढे नावारूपाला आलेले ब्रूस टिम, पॉल डिनी, जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी सुरुवातीच्या काळात इथे काम केले आहे. बारमाही चालणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करता येते. हंगामी कारखान्यात ते जमत नाही.

"ही तर खेळण्यांची जाहिरात होती"

हा आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे. ही-मॅनची खेळणी मॅटेल कंपनीने १९८२ साली काढली, मालिका त्यानंतर आली. आधी बाहुली, मग गोष्ट. १९६९ साली याच कंपनीच्या खेळण्यातल्या गाड्यांवरच्या कार्टूनला अमेरिकेच्या प्रसारण नियामकाने आक्षेप घेतला होता, की हा अख्खा कार्यक्रमच जाहिरात आहे. १९८०च्या दशकात सरकारने नियम सैल केले आणि ही वाट मोकळी झाली. पेगी चॅरन यांच्या संघटनेसारखे पालकांचे गट सतत विरोध करत राहिले. १९९० मध्ये कायदा झाला आणि मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींना तासाला शनिवार-रविवारी साडेदहा आणि इतर दिवशी बारा मिनिटांची मर्यादा आली.

मी आई-बापांच्या बाजूने आहे. भारतातही लिओ कंपनी ती खेळणी विकत होती आणि आमच्या गल्लीत ती एकाच घरात होती. त्या घरासमोर आम्ही किती वेळ उभे राहत होतो ते मला आठवते. मुलाच्या मनात हाव पेरणे सोपे असते.

त्याबरोबर हेही खरे, की स्टुडिओने दिलेल्या चौकटीत जे करता येईल ते केले. ही-मॅनच्या हातात एवढी मोठी तलवार, पण तिने तो कुणाला भोसकत नाही. ठोसाही सहसा माणसाला बसत नाही, भिंतीला किंवा यंत्रमानवाला बसतो. माणसांना तो उचलून चिखलात टाकतो. भागाच्या शेवटी एखादे पात्र समोर येऊन मुलांना दोन शब्द सांगते. ते शिकवणे बटबटीत होते, मान्य. पण आमच्या शेजारच्या काकांना जेव्हा त्यातले एक कुणीतरी मराठीत समजावून सांगितले, की पात्र म्हणते कुणी त्रास देत असेल तर मोठ्यांना सांगा, तेव्हा त्यांनी मालिका बघू द्यायला हरकत घेणे सोडले.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९८९

एका पॅटर्नवर पाच वर्षे नग निघतात, पण नगाची मागणी पाच वर्षे टिकेल असे नाही. ही-मॅनच्या यशानंतर खेळण्यांवरच्या कार्टूनची रांग लागली. दुपारची वेळ तीच, मुले तीच, कार्यक्रम कितीतरी जास्त. १९८७ मध्ये डिस्ने या बाजारात उतरली. डकटेल्सचे ६५ भाग, चित्रे जपानच्या स्टुडिओत काढलेली, खर्चाला हात न आखडलेला. तिच्या शेजारी फिल्मेशनचे त्याच वर्षीचे ब्रेव्हस्टार ठेवा. गोष्ट दमदार, नायक अमेरिकेतल्या आदिवासी वंशाचा, पण हालचाल जुन्या कपाटातली. मुलांना फरक दिसला. खेळणीही पुरेशी खपली नाहीत.

इथे चावी कुणाच्या खिशात होती हे आठवा. वेस्टिंगहाऊसने फिल्मेशन विकायला काढला. घेणारा गट होता लोरिआल या फ्रान्सच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा. शॅम्पू आणि लिपस्टिकवाल्यांना कार्टून कशाला? त्यांना स्टुडिओ नको होता. त्यांना तयार मालिकांचा साठा हवा होता. युरोपात तो टीव्हीला देता येतो आणि त्यातून जाहिरातींची वेळ मिळते. सेल रंगवणारी माणसे त्या हिशेबात बसत नव्हती.

३ फेब्रुवारी १९८९ ला स्टुडिओ बंद झाला. मोठी कपात करणाऱ्या मालकाने कामगारांना ६० दिवस आधी नोटीस द्यावी, असा अमेरिकेचा कायदा दुसऱ्या दिवशी, ४ फेब्रुवारीला लागू होणार होता.

ही तारीख पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून होतो. ज्या शेडमध्ये मी उमेदवारी केली तीही अशीच गेली. मोठ्या गिऱ्हाइकाने पॅटर्न परत मागवले. पॅटर्न त्यांच्या पैशाने केलेले, त्यांच्या मालकीचे. एका टेम्पोत सगळे मावले. शेड तिथेच, भट्टी तिथेच, माणसे तिथेच उभी, आणि करायला काही उरले नव्हते.

काम बाहेर पाठवले असते तर वाचले असते का

कदाचित काही वर्षे. डिस्नेने पाठवले आणि ती टिकली, पण डिस्नेकडे मिकी होता. दुसरा मोठा स्टुडिओ हॅना-बार्बेरा, त्यानेही काम परदेशी पाठवले आणि त्याच्याकडे टॉम आणि जेरी नसले तरी स्कूबी-डू आणि फ्लिंटस्टोन होते. फिल्मेशनची मोठी नावे बघा: सुपरमॅन, आर्ची, स्टार ट्रेक, टारझन, ही-मॅन. जवळपास प्रत्येक पात्र दुसऱ्या कुणाचे. मजुरीचा खर्च हा एक आजार होता, स्वतःचे पॅटर्न नसणे हा दुसरा, आणि माझ्या मते दुसरा जास्त जुना होता.

आपल्याकडे हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओने २००८ मध्ये छोटा भीम आणला. भीम त्यांचा स्वतःचा आहे, म्हणून दप्तरावर, डब्यावर, टी-शर्टवर भीम छापला की पैसा स्टुडिओकडे जातो. बेळगावातून पुण्या-बेंगळुरूला अ‍ॅनिमेशन शिकायला जाणाऱ्या मुलांना मी एवढेच विचारतो, की तिथे तुम्ही काढलेले पात्र कुणाच्या नावावर लागते. बहुतेकांनी कागद वाचलेला नसतो.

फिल्मेशनचा साठा त्यानंतर हातोहात फिरला. फ्रान्समधून हॉलमार्ककडे, तिथून एका ब्रिटिश कंपनीकडे, मग क्लासिक मीडिया, २०१२ मध्ये ड्रीमवर्क्स, २०१६ मध्ये तिच्याबरोबर युनिव्हर्सल. शायमर २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, सदरलँड पुढच्या जानेवारीत. प्रेस्कॉट २००५ मध्येच गेले होते.

जुन्या भागांच्या नामावलीत शायमर आणि प्रेस्कॉट ही दोन नावे चाकासारखी गोल फिरताना दिसतात. आधी कुणाचे नाव लावायचे यावर काढलेला तो तोडगा होता. ही-मॅनच्या वेळेपर्यंत प्रेस्कॉट बाहेर पडले होते आणि शायमर यांच्या मागे नवे काम लागले होते. वेगळा नट घेण्याचा खर्च नको म्हणून ते खोट्या नावाने स्वतः माइकपुढे उभे राहत आणि अनेक छोट्या पात्रांचे आवाज काढत. भाचीला हे सांगितले तेव्हा तिने मोबाइल पुन्हा हातात घेतला आणि तोंड झाकलेला, हवेत तरंगणारा, जादू दरवेळी बिघडवणारा तो लहानसा ओर्को येईपर्यंत भाग पुढे सरकवला. तो बोलू लागला, तशी तिने पळणाऱ्या ही-मॅनवरची नजर काढली आणि मोबाइल कानाला लावला.